"शेठ, डीफ्रॅग मारून देतो": हो म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा

मागच्या व्हिडिओत आपण काउंटरवरचं बिलिंग पटापट कसं व्हावं यावर बोललो. बारकोड, प्रिंटर, गर्दीच्या वेळी दुसरा माणूस कुठे उभा करायचा, सगळं घेतलं. पण खाली प्रश्न आले ते वेगळेच. "सर, बिलिंगचा कॉम्प्युटर फार हँग होतो. सी, डी, ई तिन्ही ड्राइव्ह डीफ्रॅग करू का?" एका बंधूंनी लिहिलं, "आमच्याकडे एक मुलगा येतो, दर महिन्याला डीफ्रॅग मारून जातो, तीनशे रुपये घेतो. करावं का चालू?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं बोलू. छोट्या व्यवसायाच्या कॉम्प्युटरवर डीफ्रॅग हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. बऱ्याच जणांना तर ते हाताने करायची गरजच नाही. आणि बॅकअप न घेता केलेलं डीफ्रॅग म्हणजे जुगार आहे. वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि गिऱ्हाईक बघा. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण हा जुगार मी स्वतः खेळलोय आणि हरलोय.

माझ्या दुकानात काय झालं

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी माझं स्टेशनरीचं होलसेल दुकान होतं, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. शाळा, झेरॉक्सवाले, छोटे दुकानदार असं गिऱ्हाईक. निम्मा धंदा उधारीवर. २०१८ साली, शाळा सुरू होण्याच्या सीझननंतर, कॉम्प्युटर इतका हळू झाला की एक बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. ५०० जीबीची हार्ड डिस्क, तिचे तीन भाग, सी, डी आणि ई. बिलिंगचा डेटा डी मध्ये. रोज संध्याकाळी त्याची कॉपी ई मध्ये. मला वाटायचं, आपण किती शिस्तीचे!

डब्यातून अधूनमधून बारीक टकटक आवाज यायचा. मी म्हटलं, पंख्यात धूळ असेल.

एका रात्री दुकान बंद करताना मी स्वतः तिन्ही ड्राइव्ह डीफ्रॅगला लावले आणि शटर ओढून घरी गेलो. मनात एकदम छान वाटत होतं. उद्या सकाळी कॉम्प्युटर पळणार! सकाळी आलो तर स्क्रीन गोठलेली. बटण दाबून बंद-चालू केला, तर विंडोजच येईना. टकटक मात्र जोरात चालू. ज्याला बोलावलं त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "शेठ, डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

मी म्हटलं, "आहे ना! ई ड्राइव्हमध्ये."

तो काही बोलला नाही. नुसतं बघत राहिला. तेव्हा मला कळलं, की डी आणि ई एकाच डब्यात होते आणि तो डबाच गेला होता.

२० तारखेचं जीएसटी रिटर्न डोक्यावर होतं. खरेदीची बिलं कागदावर होती, ती बायकोने आणि भाच्याने बसून पुन्हा भरली. आठ-दहा दिवस रात्री जेवण झाल्यावर तेच काम. विक्रीच्या बिलांचे काही प्रिंट होते, काही नव्हते. पण सगळ्यात वाईट गोष्ट पुढे होती. उधारी! कोणाकडे किती बाकी हे फक्त कॉम्प्युटरला माहीत होतं. मला एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन विचारावं लागलं, "भाऊ, तुमच्याकडे आमचे किती निघतात?" धंदा करणाऱ्या माणसाला हे वाक्य म्हणताना काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको. बहुतेकांनी खरं सांगितलं. एका झेरॉक्सवाल्या काकांनी आपली छोटी डायरी काढली आणि माझ्या अंदाजापेक्षा जास्त आकडा स्वतःहून दाखवला. पण दोन-तीन जण म्हणाले, "आम्ही तर मागच्याच महिन्यात चुकते केले." काय करणार? पुरावा माझ्याकडे नव्हता.

आता सरळ बोलतो. डीफ्रॅगने माझा डेटा खाल्ला असं मी म्हणणार नाही. डिस्क आधीच मरायला टेकली होती. डीफ्रॅगमध्ये फाईलचा तुकडा आधी नव्या जागी कॉपी होतो आणि मग नोंद बदलते, त्यामुळे चांगल्या डिस्कवर ते काम सुरक्षित असतं. पण आजारी डिस्कला रात्रभर लिही-वाच करायला लावणं म्हणजे गुडघे गेलेल्या माणसाला पंढरपूरला पायी पाठवणं. ती डिस्क कदाचित अजून महिनाभर चालली असती आणि त्या महिन्यात मी डेटा काढून घेतला असता. चूक डीफ्रॅगची नव्हती. माझ्या कामाचा क्रम चुकला होता.

डीफ्रॅग म्हणजे नक्की काय? खतावणी आठवा

जुनी खतावणी आठवते? पान ३२ वर पाटलांचं खातं. पान भरलं. पुढच्या पानावर दुसऱ्याचं खातं आधीच सुरू झालेलं. मग आपण खाली लिहायचो, "पुढे पान ८७ पाहा." ८७ भरलं की "पुढे पान १४१ पाहा." वर्षाच्या शेवटी पाटलांचा हिशोब बघायचा तर सारखी पानं उलटायची. हिशोब बरोबरच असायचा, फक्त वेळ जायचा.

हार्ड डिस्कवर हेच होतं. विंडोज डिस्कवरची जागा छोट्या छोट्या चौकटींमध्ये वाटते, साधारणपणे ४ केबीची एक चौकट. फाईल वाढत गेली आणि शेजारची चौकट रिकामी नसली, की पुढचा तुकडा दुसरीकडे जातो. यालाच फ्रॅगमेंटेशन म्हणतात. डीफ्रॅग म्हणजे पाटलांची सगळी पानं काढून एका खाली एक लावणं. बस.

यात वेळ कुठे जातो? हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा. त्यांच्यावरून एक वाचणारी सुई पुढे-मागे सरकते. ७,२०० वाली डिस्क धरा. हवा तो भाग सुईखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलीसेकंद, सुई सरकायला अजून ८-९. म्हणजे एका उडीला साधारण १२ ते १३ मिलीसेकंद. एखादी डेटा फाईल २,००० तुकड्यांत विखुरली असेल, तर नुसत्या उड्या मारण्यात २४-२५ सेकंद गेले! काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना २५ सेकंद म्हणजे काय, हे तुम्हीच मला सांगा.

म्हणून डीफ्रॅग ही फालतू गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत डीफ्रॅगचा प्रोग्राम येऊ लागला, तेव्हा त्याची खरंच गरज होती. विंडोज ९८ वर ज्यांनी काम केलंय त्यांना ते रंगीत चौकोन आठवत असतील. एकेक चौकोन सरकतोय आणि आपण हात बांधून बघतोय. मध्येच एखाद्या प्रोग्रामने काही लिहिलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्या काळात हे काम माणसालाच करावं लागायचं. पण आपल्या डोक्यात तोच काळ अडकलाय. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या.

पहिला बदल: विंडोज ते काम स्वतःच करतं

विंडोज व्हिस्टापासून डीफ्रॅगचं वेळापत्रक आतच लावलेलं असतं. विंडोज ७ मध्ये ते दर बुधवारी रात्री एक वाजता होतं. विंडोज ८ पासून त्याचं नावही बदललं, 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ज'. दर आठवड्याला, कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा, ते आपोआप चालतं. आणि ते हुशारही आहे. एखादा तुकडा ६४ एमबीपेक्षा मोठा असेल तर त्याला हात लावत नाही, कारण एवढा मोठा तुकडा दुसऱ्याला जोडून वेगात काही फरक पडत नाही.

मग दर महिन्याचे तीनशे रुपये कशाचे? जे काम फुकट आपोआप होतं त्याचे! वर्षाचे ३,६०० झाले. एसएसडीचा आजचा भाव बाजारात विचारा आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तो मुलगा फसवतोय असं मी म्हणत नाही. त्यालाही कोणीतरी असंच शिकवलं असेल. पण पैसे तुमचे आहेत.

इथे दुकानदारांची एक खास अडचण आहे, ती समजून घ्या. आपण रात्री नऊला शटर ओढतो आणि मेन स्विच बंद करतो. दिवसभर कॉम्प्युटरला उसंत नाही, रात्री वीज नाही. मग विंडोज बिचारं हे काम करणार कधी? उपाय सोपा आहे. आठवड्यातून एक दिवस दुपारी जेवायला जाताना कॉम्प्युटर चालू ठेवून जा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. काम झालं की नाही तेही बघता येतं. स्टार्ट दाबून इंग्रजीत 'डीफ्रॅग' टाइप करा, जी खिडकी उघडेल तिथे प्रत्येक ड्राइव्हसमोर शेवटचं काम कधी झालं त्याची तारीख असते. तारीख आठ-दहा दिवसांतली असेल तर खिडकी बंद करा आणि धंद्याला लागा.

दुसरा बदल: एसएसडी

आता ज्यांनी गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटर घेतलाय त्यांच्यासाठी. तुमच्याकडे बहुतेक एसएसडी असेल. एसएसडीत चकती नाही, सुई नाही, काही फिरत नाही. कोणताही तुकडा शोधायला साधारण ०.१ मिलीसेकंद. मघाचा हिशोब पुन्हा मांडा. २,००० तुकडे गुणिले ०.१, म्हणजे ०.२ सेकंद. २५ सेकंदांच्या जागी! हे ०.२ सेकंद वाचवायला तुम्ही तासभर डीफ्रॅग करणार?

शिवाय एसएसडीच्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. डीफ्रॅग म्हणजे तीच फाईल उचलून पुन्हा दुसरीकडे लिहिणं. एकदा केलं म्हणून एसएसडी मरत नाही, उगाच घाबरू नका. पण फायदा शून्य आणि झीज मात्र होते, असा सौदा आपण धंद्यात करतो का?

"पण सर, माझ्या एसएसडीसमोरही 'ऑप्टिमाइझ'चं बटण दिसतं." दिसू द्या. बटण तेच असलं तरी एसएसडीवर विंडोज मुख्यतः ट्रिम नावाचं वेगळं काम करतं. कोणत्या जागा रिकाम्या झाल्या ते एसएसडीला सांगतं. ते काही सेकंदांत संपतं आणि चांगलंच आहे. क्वचित विंडोज स्वतःच्या हिशोबाने एसएसडीवरही थोडी जुळवाजुळव करतं, ते त्याचं त्याला ठरवू द्या. आपण फक्त बाहेरून डाउनलोड केलेला 'सुपर डीफ्रॅग' छाप प्रोग्राम एसएसडीवर चालवायचा नाही. पेन ड्राइव्हचंही तेच. चकती नाही, तर डीफ्रॅग नाही.

सी, डी, ई: तीन खोल्या, पण घर एकच

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण माझं घर इथेच बुडालं.

कॉम्प्युटर घेतला की तो जोडून देणारा विचारतो, "किती पार्टिशन करू?" आपण म्हणतो, "तीन-चार कर." ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दिसते. मग सी ला १००, डी ला १८०, ई ला १८५. आपल्याला वाटतं, तीन डिस्क झाल्या. नाही हो! एकाच खोलीत खडूने रेघा मारल्यात. चकत्या त्याच, सुई तीच, मोटर तीच.

यातून तीन गोष्टी निघतात.

एक. डी ची कॉपी ई मध्ये ठेवणं हा बॅकअप नाही. विंडोज नव्याने टाकताना फक्त सी पुसला जातो, तेव्हा डी वाचतो, एवढाच पार्टिशनचा उपयोग. डिस्क गेली की सगळं गेलं. पाण्याने वखार भिजली तर कोणती गोणी उजव्या कोपऱ्यात होती याला काही अर्थ नसतो.

दोन. तिन्ही पार्टिशन एकाच वेळी डीफ्रॅगला लावू नका. सुई एकच आहे. तिला सी वरून ई वर आणि ई वरून डी वर पळवलं, तर काम लवकर होण्याऐवजी उशिरा होतं आणि डिस्कची ओढाताण होते. मी त्या रात्री हेच केलं होतं. करायचंच तर एकामागून एक करा.

तीन. पुष्कळदा हळूपणाचं कारण तुकडे नसून भरलेला सी असतो. १०० जीबीच्या सी मध्ये विंडोज, सगळे प्रोग्राम, डाउनलोड्स, डेस्कटॉपवर टाकलेले लग्नाचे व्हिडिओ. उरले ४ जीबी. आणि तिकडे ई मध्ये १५० जीबी ओस पडलेत. डीफ्रॅगला नीट काम करायला त्या पार्टिशनमध्ये किमान १५ टक्के जागा मोकळी लागते. १०० जीबीच्या सी ला १५ जीबी. तेवढी नसेल तर पाटलांची पानं काढून ठेवायची कुठे? आधी जागा करा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स रिकामे करा, डिस्क क्लीनअप चालवा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

आणि चुकून एखादी फाईल डिलीट झाली असेल, तर डीफ्रॅगला अजिबात हात लावू नका. डिलीट केलेली फाईल हार्ड डिस्कवर काही काळ तशीच पडून असते, फक्त तिची जागा 'रिकामी' म्हणून नोंदलेली असते. डीफ्रॅग नेमकं त्याच रिकाम्या जागांवर लिहितं. मग ती फाईल परत मिळायची आशा संपली.

चार प्रश्न, याच क्रमाने

आता कोणीही "शेठ, डीफ्रॅग मारून देतो" म्हणालं, की हे चार प्रश्न विचारायचे. त्याला विचारा, नाहीतर स्वतःला विचारा. क्रम बदलायचा नाही.

पहिला: बॅकअप कुठे आहे? "ई मध्ये" हे उत्तर आलं तर तिथेच थांबा. बॅकअप दुसऱ्या डब्यात हवा. एक बाहेरची डिस्क घ्या, ती रोज कॉम्प्युटरला लावून ठेवू नका, बॅकअप झाला की काढून घरी न्या. दुसरी कॉपी क्लाउडवर ठेवा. टॅलीप्राइम वापरत असाल तर ऑल्ट आणि वाय दाबा, तिथेच बॅकअपचा पर्याय आहे. बाकीच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्येही तो कुठेतरी असतोच, विकणाऱ्याला फोन करून विचारा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका. जीएसटीच्या कायद्याने हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. सहा वर्षं! एकाच हार्ड डिस्कच्या भरवशावर सहा वर्षं काढणार का?

दुसरा: डिस्कची तब्येत कशी आहे? प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम ती नोंद एका रंगात दाखवतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे पळा. खराब झाल्यामुळे बदललेले आणि वाचताना अडकलेले सेक्टर किती, हे त्यात कळतं. पिवळा दिसला की डीफ्रॅग विसरा, डेटा काढा, नवी डिस्क टाका. टकटक आवाज येत असेल तर प्रोग्रामचीही वाट बघू नका. मी पाच मिनिटं काढून हे बघितलं असतं, तर उधारी विचारत फिरावं लागलं नसतं. एवढंही ध्यानात ठेवा, की काही डिस्क निळ्या रंगातही अचानक जातात. म्हणूनच बॅकअपचा प्रश्न पहिला आहे.

तिसरा: हार्ड डिस्क आहे की एसएसडी? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. नव्या विंडोजमध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. तिथेच 'डिस्क ०' पुढे कंसात सी, डी, ई दिसतील. तिन्ही अक्षरं एकाच डिस्कपुढे दिसली, की पार्टिशनबद्दल मी काय सांगत होतो ते डोळ्यांनी पटेल. एसएसडी असेल तर प्रश्न संपला.

चौथा: हळूपणा नक्की कशामुळे आहे? टास्क मॅनेजर उघडाच आहे. बिल करताना काय भरलंय ते बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा, डीफ्रॅगने रॅम वाढत नाही. दोन-दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. सुरू होताना पंधरा प्रोग्राम आपोआप उघडत असतील तर ते बंद करा. सी भरला असेल तर रिकामा करा. हे सगळं ठीक आहे, डिस्क निरोगी आहे, हार्ड डिस्कच आहे आणि तरी डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय? तर मग त्याच खिडकीत 'अनॅलाइझ' दाबा. विखुरलेलं प्रमाण १० टक्क्यांच्या वर दिसलं, तर रात्री यूपीएसवर एकेक पार्टिशन डीफ्रॅग करा. एवढ्या सगळ्या अटींनंतर त्याचा नंबर लागतो!

"पण सर, केल्यावर फरक पडतो ना"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. पडत असेल. जुन्या हार्ड डिस्कवर खरंच पडतो. पण जरा नीट आठवा. तो मुलगा येतो तेव्हा फक्त डीफ्रॅग करतो का? टेंपररी फायली उडवतो, सी मोकळा करतो, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो. फरक त्यातल्या कशाने पडला, हे तुम्ही वेगळं करून कधी बघितलंय? पुढच्या महिन्यात एक करा. तो यायच्या आधी स्वतः सफाई करून रीस्टार्ट करा आणि घड्याळ लावून एक बिल काढा. मग ठरवा.

आणि तरीही जुन्या हार्ड डिस्कचा त्रास होतच असेल, तर माझं स्पष्ट मत आहे. ती दुरुस्त करत बसू नका. विंडोज आणि बिलिंग एसएसडीवर न्या आणि जुनी डिस्क निरोगी असेल तर जुने फोटो, जाहिरातींचे व्हिडिओ ठेवायला वापरा. काही जण म्हणतील, "सर, चालतंय तोवर चालवू द्या, मंदी आहे." तुमचं म्हणणं मला कळतं, मीही तसाच होतो. पण वजनकाट्याचा दांडा झिजला तर आपण तो तेल लावून चालवत नाही, कारण तिथे पैसा मोजला जातो. बिलिंगच्या डिस्कवरही पैसाच मोजला जातो.

धंद्यात मी हे सारखं बघतो. जे काम करताना बरं वाटतं ते आपण आधी करतो. दिवाळीच्या आधी दुकान झाडून-पुसून, फळ्या नव्याने लावून घेतो, पण विमा संपलाय का ते बघत नाही. डीफ्रॅग तसंच आहे. टक्के वाढताना दिसतात, काहीतरी केल्यासारखं वाटतं. बॅकअप घेताना तसलं काही वाटत नाही. तो कंटाळवाणा आहे, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवसापर्यंत त्याचा काही उपयोग दिसत नाही. म्हणूनच तो राहून जातो.

तेव्हा आज शटर ओढण्याआधी एकच करा. बिलिंगचा बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती पिशवीत टाकून घरी न्या. गल्ल्यातली रोकड रात्री दुकानात ठेवता का? नाही ना? मग उधारीची यादीही ठेवू नका. डीफ्रॅगचं काय ते उद्या दुपारी बघू, जेवायला जाताना.

काही अडलं तर कमेंटमध्ये लिहा. तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क ०' पुढे कोणती अक्षरं दिसली तेही सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.